जुन्या पिकअपला छोटा कॅम्पिंग ट्रेलर जोडायचाय? अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

मंडळाच्या पिकनिकला, व्हॉट्सॲप ग्रुपवर, मुलांच्या सॉकर प्रॅक्टिसला सगळीकडे हेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो, त्यामुळे नियम आणि रस्ते बरेचसे इकडचे आलेत. उदाहरणाला २००५ ते २०१५ ची टोयोटा टाकोमा घेतलीये कारण आपल्या लोकांकडे हीच जास्त दिसते, पण फोर्ड, शेव्ही, निसान काहीही असलं तरी तपासायच्या गोष्टी त्याच. आणि एक आधीच सांगतो, जवळजवळ सगळे "इंजिन ओढेल ना?" विचारतात. इंजिन ओढतं हो. थांबेल का, तापेल का आणि वजन किती झालंय हे तीन प्रश्न जास्त मोठे आहेत, पैसे आणि वेळ तिकडे घाला.

पंधरा-अठरा वर्षं जुना ट्रक आहे, दोन लाख मैल होत आलेत, ट्रेलर लावणं शहाणपणाचं आहे का?

मैलांपेक्षा ट्रक कसा सांभाळलाय ते बघा. वेळच्या वेळी ऑइल, कूलंट, गिअरबॉक्सचं तेल बदललेला दोन लाखांचा ट्रक हा नुसता उभा राहिलेल्या ऐंशी हजारांच्या ट्रकपेक्षा कितीतरी बरा. टाकोमाचं ४.० लिटर व्ही-सिक्स इंजिन २३६ हॉर्सपॉवरचं आहे, टायमिंग चेन आहे, तीन हजार पाउंडांचा ट्रेलर त्याला जड नाही. फोर्ड एफ-१५० घेणार असाल आणि ती २००४ ते २००८ मधली ५.४ लिटरवाली असेल तर स्पार्क प्लग काढताना तुटणं आणि कॅम फेझरची (व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणाऱ्या भागाची) खडखड हे तिचे माहीत असलेले दोष आहेत, थंड इंजिन स्वतः सुरू करून ऐका आणि मगच पुढे जा.

मग सगळ्यात आधी काय बघायचं?

फ्रेम. बाकी सगळं नंतर. ट्रकखाली टॉर्च घेऊन झोपा, हातोडीने हलकेच ठोकत जा, विशेष करून मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ आणि जिथे हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा लोखंडी सांगाडा, बोल्टने बसते तिथे. खणखणीत आवाज आला तर चांगलं, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे गळायला लागले किंवा स्क्रूड्रायव्हर आत गेला, तर तो ट्रक ट्रेलरसाठी बाद, कितीही आवडता असला तरी. कॅलिफोर्निया, ॲरिझोनात हा त्रास कमी, पण मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनियात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिकडचे ट्रक वरून चकाचक आणि खालून कुजलेले असू शकतात. २००५ ते २०१० च्या टाकोमांच्या फ्रेम गंजण्याबद्दल टोयोटाने २०१६ मध्ये सेटलमेंट केली होती, कित्येकांना नवी फ्रेम बसवून मिळाली, पण त्याची मुदत आता संपलीये, म्हणून जुनी घेताना फ्रेम बदललीये का हे कागद बघून विचारा. मागच्या पाट्यांचाही २०१४ मध्ये रिकॉल निघाला होता, २००५ ते २०११ च्या गाड्यांसाठी, पाटा तुटण्याच्या शक्यतेमुळे. एनएचटीएसए या सरकारी रस्ता-सुरक्षा खात्याच्या साइटवर व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) टाकला की रिकॉल राहिलाय का ते फुकट कळतं, दोन मिनिटांचं काम आहे.

मॅन्युअलमध्ये टो कपॅसिटी (ओढायची क्षमता) ६,५०० पाउंड लिहिलीये, ट्रेलर ३,००० चा. मग एवढा विचार कशाला?

दोन कारणं. पहिलं, तो ६,५०० चा आकडा व्ही-सिक्स आणि फॅक्टरी टो पॅकेज असेल तरच. टो पॅकेजमध्ये हिच, गिअरबॉक्स ऑइलचा वेगळा कूलर, इंजिन ऑइल कूलर, मोठा आल्टरनेटर आणि सेव्हन-पिन सॉकेट येतं. पॅकेज नसेल तर तीच गाडी ३,५०० पाउंडांवर येते. बाजारातून हिच आणून लावली म्हणून कपॅसिटी वाढत नाही. शिवाय सगळ्या कंपन्यांनी एकाच पद्धतीने मोजायचं हे जे२८०७ नावाचं स्टँडर्ड टोयोटाने २०११ च्या मॉडेलपासून आधी उचललं, बाकीचे हळूहळू आले, त्याआधी ज्याची त्याची मोजायची पद्धत वेगळी होती. म्हणून जुन्या ट्रकच्या आकड्याच्या टोकापर्यंत जाऊच नका.

दुसरं कारण महत्त्वाचं, पेलोड, म्हणजे ट्रक स्वतःच्या अंगावर किती वजन वाहू शकतो ते. ट्रेलर ओढला जातो तसा तो ट्रकच्या ढुंगणावर बसतोही. त्याला टंग वेट म्हणतात आणि ते ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असायला लागतं. ते वजन ट्रकच्या पेलोडमधून जातं, त्याच पेलोडमधून तुम्ही, बायको-मुलं, कूलर, सगळं जातं. टाकोमाचा पेलोड साधारण ११०० ते १३०० पाउंड असतो. आता हिशोब करा, समजा ट्रकच्या दाराजवळच्या पेलोडच्या पट्टीवर (स्टिकरवर) १,२०० लिहिलंय. आई-बाबा आलेत, म्हणजे चार मोठी माणसं ६२० पाउंड. मागच्या बेडवर फायबरचा शेल (टप) १७०. कूलर, खुर्च्या, बॅगा, कुकर, तांदूळ-कणीक १६०. बॉल माउंट (हिचमध्ये घालायचा, बॉल बसवलेला दांडा) वगैरे लोखंड ४०. टंग वेट ३३०. झाले १,३२०. म्हणजे टो कपॅसिटी निम्मीसुद्धा वापरली नाही आणि ट्रक १२० पाउंडांनी ओव्हरलोड झाला. यातलं जमेल तेवढं जड सामान ट्रेलरमध्ये ॲक्सलच्या वर हलवायचं, शेल घरी ठेवायचा, असं जमवावं लागतं.

ही पेलोडची पट्टी कुठे असते? माझ्या ट्रकवर नाहीये.

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर, टायरच्या हवेचे आकडे असलेला पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाऊ नये असं लिहिलेलं असतं. बऱ्याच जुन्या ट्रकवर तो नसतो, पण दुसरा एक स्टिकर असतो ज्यावर जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे ट्रकचं एकूण जास्तीत जास्त वजन असतं. टाकी फुल करून रिकामा ट्रक काट्यावर न्यायचा, आलेलं वजन जीव्हीडब्ल्यूआरमधून वजा करायचं, उरला तो तुमचा पेलोड. खरं तर स्टिकर असला तरी हे कराच कारण मधल्या काळात आधीच्या मालकाने जड बंपर, मोठे टायर काय काय लावलेलं असतं.

काटा कुठे मिळणार?

हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल असतो, मोठ्या ट्रकवाल्यांचा काटा, आपणही जाऊ शकतो, थोडेच डॉलर लागतात. कोणी हसत नाही, आरव्हीवाले रोज येतात. पुढची चाकं पहिल्या प्लेटवर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या. सहलीला निघताना असते तशी सगळी माणसं आणि सामान भरून जा. एकदा ट्रेलरसकट वजन करा, मग पार्किंगमध्ये ट्रेलर सोडून नुसत्या ट्रकचं करा, त्याच दिवशी परत केलं तर दुसऱ्या वेळी कमी पैसे घेतात. समजा नुसता ट्रक ४,९५० आला, ट्रेलर जोडल्यावर ट्रकच्या दोन्ही ॲक्सलवर मिळून ५,२९० आणि ट्रेलरच्या चाकांवर २,५६०. म्हणजे टंग वेट ३४०, ट्रेलर एकूण २,९००, टक्केवारी साडेअकराच्या वर, छान बसलं. हे कागद ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. या सगळ्या पानावरची एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

ट्रेलर कोणता घ्यावा?

जुन्या मिड-साइज पिकअपला टिअरड्रॉप (थेंबाच्या आकाराचा बुटका), ए-फ्रेम पॉप-अप (उघडल्यावर तिकोनी छत होणारा) किंवा १३ ते १६ फुटी फायबरग्लास ट्रेलर. मिनेसोटात बॅकसला बनणारे स्कॅम्प आणि टेक्सासमधले कसीटा हे दोन्ही हलके, गोलसर, वारा कमी अडवणारे, आणि छताला लाकडाचे सांधे नसल्याने पाणी मुरून कुजायची भानगड कमी. जुने झाले तरी किंमत फार पडत नाही, हा तोटाही आहे आणि फायदाही. उंच चौकोनी ट्रेलर वजनाला तेवढाच असला तरी हायवेवर त्याच्यासमोरचा वारा कापायला इंजिनाची शक्ती जास्त जाते, म्हणून वजनाइतकंच उंचीकडे बघा.

ब्रोशरमधलं ड्राय वेट म्हणजे फॅक्टरीतून निघालेला रिकामा डबा. बॅटरी, गॅस सिलिंडर, पाणी, एसी हे बऱ्याचदा त्यात नसतं. पाणी गॅलनला ८.३४ पाउंड, वीस गॅलन भरलं की जवळजवळ १६७ पाउंड झाले. कॅम्पग्राउंडला पोचल्यावर पाणी मिळणार असेल तर टाकी घरून भरून नेऊ नका.

बंपरलाच बॉल लावायला भोक आहे, ते चालेल?

बंपरवर रेटिंग ठोकलेलं असेल आणि ट्रेलर अगदी हलका असेल तर तांत्रिकदृष्ट्या चालतं. जुन्या ट्रकच्या गंजलेल्या बंपरवर मी माझ्या घरच्यांना घेऊन जाणार नाही. फ्रेमला बोल्टने बसणारी क्लास थ्री हिच घ्या, दोन इंची रिसीव्हरवाली (बॉल माउंट घालायचं चौकोनी तोंड असलेली), बहुतेक ट्रकना फ्रेममध्ये भोकं आधीच असतात, वेल्डिंग लागत नाही, टॉर्क रेंच मात्र लागतो. बॉलचा साइज ट्रेलरच्या कपलरवर (बॉलवर बसणाऱ्या तोंडावर) लिहिलेला असतो, १-७/८ की २ इंच असा अंदाज मारू नका, लिहिलेला वाचा, कारण छोटा बॉल मोठ्या कपलरमध्ये बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उडतो. बॉल माउंटचा ड्रॉप (बॉल किती खाली येतो ते) असा निवडा की जोडल्यावर ट्रेलर सपाट उभा राहील. सेफ्टी चेन कपलरखाली एकमेकींना क्रॉस करून लावायच्या.

माझ्याकडे फोर-पिनचं चपटं सॉकेट आहे, पुरेल का?

फोर-पिनमध्ये फक्त दिवे जातात. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर सेव्हन-पिन हवं, त्यात ब्रेकची वायर, बॅटरी चार्जिंगची बारा व्होल्टची वायर आणि नीट अर्थिंग येतं. चार्जिंगची वायर जाड घ्या आणि ट्रकच्या बॅटरीजवळ फ्यूज टाका. काही ट्रकमध्ये ही लाइन इंजिन बंद केल्यावरही चालूच राहते, रात्री ट्रेलरचा फ्रिज तुमच्या ट्रकची बॅटरी खाऊन टाकतो आणि सकाळी जंगलात कोणी जंपर द्यायला नसतं. मुक्कामाला पोचलं की प्लग काढायची सवय लावा. जुन्या ट्रकमध्ये दिवे मंद लागणं, उगाच लुकलुकणं याचं कारण दहापैकी नऊ वेळा गंजलेलं अर्थिंग.

छोट्या ट्रेलरला ब्रेक लागतातच का?

कॅलिफोर्नियात १,५०० पाउंड किंवा जास्त वजनाच्या कॅम्पिंग ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, बऱ्याच राज्यांत ही मर्यादा ३,००० आहे, टेक्सासमध्ये ४,५००. कायदा काहीही म्हणो, १,५०० च्या वर असेल तर ब्रेक हवेतच असं माझं ठाम मत आहे. सोबत ट्रकमध्ये ब्रेक कंट्रोलर, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक चालवणारी छोटी पेटी, लागतो. टाइम-डिलेवाला स्वस्त असतो पण तो ठरलेल्या वेगाने जोर वाढवतो, तुम्ही पाय किती दाबलाय त्याच्याशी त्याला घेणं नाही. प्रपोर्शनल घ्या, तो ट्रक जेवढा जोरात थांबतोय तेवढाच ट्रेलर थांबवतो. डॅशखाली प्लग नसेल आणि वायरिंग कापायचं नसेल तर सेव्हन-पिनमध्येच बसणारे ब्लूटूथवाले येतात.

सेटिंग असं करा, रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये २०-२५ मैलांच्या वेगाने जाऊन फक्त कंट्रोलरची कळ दाबा, ट्रकचा ब्रेक मारू नका. ट्रेलरची चाकं लॉक व्हायच्या जरा आधीपर्यंत गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) वाढवत न्या. ब्रेकअवे स्विचची पिनही ओढून बघा, ट्रेलर सुटला तर हाच स्विच स्वतः ब्रेक लावतो, आणि त्याला ट्रेलरची बॅटरी चार्ज असावी लागते.

ट्रकच्या ब्रेकना काय करायचं?

पुढचे पॅड, रोटर, मागचे ड्रम-लायनर उघडून बघा आणि ब्रेक फ्लुइड पूर्ण बदला. हे तेल हवेतला ओलावा शोषतं, जुनं झालं की त्यातलं पाणी लांब उतारावर उकळतं आणि पेडल खाली बसतं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम.

घाटात ट्रक तापेल अशी भीती वाटते.

वाटायलाच हवी. लॉस एंजेलिसहून उत्तरेला जाताना आय-५ वरचा ग्रेपव्हाइन, वेगासच्या वाटेवर आय-१५ वरचा बेकर ग्रेड, टाहोला जाताना डॉनर समिट जो ७,२३९ फुटांवर आहे, हे सगळे उन्हाळ्यात जुन्या गाड्यांची परीक्षा घेतात, बेकरला तर एसी बंद करा अशा पाट्याच लावल्यात. शिवाय साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनची शक्ती दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे जवळजवळ दहा हजार फुटांच्या टायोगा पासला २३६ हॉर्सपॉवरचे १६५ च्या आसपासच उरतात.

निघण्याआधी कूलंट, थर्मोस्टॅट, होज पाइप, फॅन क्लच बघा. वॉटर पंप गळतोय का बघा. आणि रेडिएटर. ऑटोमॅटिक ट्रकमध्ये गिअरबॉक्सचं तेल थंड करायची नळी रेडिएटरच्या आतून जाते, ती आतल्या आत फुटली की कूलंट आणि तेल एकत्र होतं, गुलाबी मिल्कशेकसारखं दिसतं, गिअरबॉक्स संपला. २००५ ते २०१० च्या निसान फ्रंटिअरमध्ये हा प्रकार बदनाम आहे, इतरांतही होतो. रेडिएटर मूळचाच असेल आणि ट्रक बारा-पंधरा वर्षांचा असेल तर गळायची वाट न बघता बदलून टाका, गिअरबॉक्सच्या मानाने किंमत काहीच नाही.

गिअरबॉक्सचं तेल बदला आणि कूलर नसेल तर बाहेरचा लावा. चढावर गिअर सारखा वरखाली करत राहिला की टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा भाग) लॉक होत नाही आणि सगळी उष्णता तेलात जाते, म्हणून लिव्हर डी वर न ठेवता एक खाली ४ वर आणा, इंजिनाचा आवाज वाढेल, वाढू द्या, त्याला ते झेपतं. स्वस्तातला ओबीडी-टू (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा) ब्लूटूथ रीडर लावून तेलाचं तापमान फोनवर बघता येतं. २०० फॅरनहाइटच्या आसपास ठीक. २२० च्या वर जाऊन तिथेच राहिलं तर वेग कमी करा, पुढची जागा बघून थांबा, लिव्हर पी (पार्क) वर ठेवून इंजिन चालू ठेवा म्हणजे तेल फिरत राहून थंड होईल. इंजिन तापायला लागलं तर एसी बंद आणि हीटर फुल, घाम येईल पण रेडिएटरला मदत होते.

आणि उतारावर?

आपल्याकडे खंडाळा-कसाऱ्याला जुने ट्रक ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. तेच इथे. उतार सुरू होण्याआधी गिअर खाली टाका, ब्रेक सतत दाबून धरू नका, वेग वाढला की एकदा नीट दाबून कमी करा आणि पाय काढा. योसेमिटीला हायवे १२० ने जाणाऱ्यांसाठी खास, ट्रेलर असेल तर न्यू प्रीस्ट ग्रेडनेच जा. ओल्ड प्रीस्ट ग्रेड नकाशावर जवळचा दिसतो, जीपीएस तिकडे पाठवतो, पण तो भयंकर खडा आहे.

टायर चांगले दिसतायत, बदलायला हवेत?

नक्षी बघू नका, तारीख बघा. टायरवर डॉट लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. ट्रेलरचे टायर उन्हात उभे राहून वयाने मरतात, सहा वर्षांच्या पुढचे असतील तर मी बदलतोच, दिसायला नवे असले तरी. ट्रेलरला एसटी म्हणजे स्पेशल ट्रेलर लिहिलेलेच टायर घ्या आणि थंड असताना बाजूवर लिहिलेल्या कमाल प्रेशरपर्यंत हवा भरा. ट्रेलरची बेअरिंग्ज वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांना उघडून ग्रीस करायची. स्पेअर ट्रेलरचाही हवा, आणि ट्रकचा जॅक ट्रेलरखाली बसतो का ते घरीच बघून घ्या.

ट्रेलर लावला की मागून ट्रक खाली बसतो. एअरबॅग (पाट्यांना आधार देणारी हवेची पिशवी) लावू?

आधी काट्यावर जा. वजन मर्यादेत असेल आणि पाटे थकलेले असतील तर नवे पाटे टाका, एअरबॅग किंवा हेल्पर स्प्रिंगही चालतील. पण त्याने पेलोड वाढत नाही, फक्त ट्रक सपाट दिसतो. ओव्हरलोड ट्रक सपाट दिसला तरी ओव्हरलोडच असतो.

वेट डिस्ट्रिब्युशन हिच (टंग वेट ट्रकच्या पुढच्या चाकांवरही वाटणारी) हवी का?

तीन हजार पाउंडांच्या आत बहुतेकांना नाही. आणि काही हलक्या ट्रेलरच्या फ्रेमला ती चालत नाही, बनवणाऱ्याला विचारून मगच लावा.

ट्रेलर डोलायला लागला तर?

पाय गॅसवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा, कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रकचा ब्रेक जोरात मारू नका, स्टिअरिंगने डोलणं पकडायला जाऊ नका, दोन्हीने वाढतं. थांबल्यावर कारण शोधा, बहुतेक वेळा टंग वेट १० टक्क्यांच्या खाली गेलेलं असतं कारण कोणीतरी सगळं जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला भरलेलं असतं. उलट १५ टक्क्यांच्या वर गेलं तर ट्रकची पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही कमकुवत.

किती वेगाने चालवायचं?

कॅलिफोर्नियात ट्रेलर असेल तर कमाल ५५, उजव्या लेनमध्ये. लोक मागून दिवे मारतील, मारू देत. आरशातून मागे २०० फूट दिसायला हवं असाही नियम आहे, ट्रेलर ट्रकपेक्षा रुंद असेल तर क्लिपवाले जादा आरसे लावा.

आई-बाबा भारतातून येणार आहेत, ट्रकमध्ये दाटी होते, त्यांना ट्रेलरमध्ये झोपवून नेलं तर?

नाही. असल्या ट्रेलरमध्ये चालू प्रवासात माणसं बसवणं कॅलिफोर्नियात बेकायदा आहे, आणि आत सीट बेल्ट नसतात, कपाटं उघडतात, गॅस असतो. वयस्कर माणसं असतील तर सरळ दुसरी गाडी काढा, पेलोडचा प्रश्नही सुटतो आणि कोणाला बरं वाटेनासं झालं तर हाताशी गाडी असते.

लायसन्स, इन्शुरन्स?

अशा छोट्या ट्रेलरला कॅलिफोर्नियाचं साधं क्लास सी लायसन्स पुरतं. ट्रेलरमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर बहुतेक वेळा ट्रकची पॉलिसी लागू होते, पण ट्रेलरचं स्वतःचं नुकसान त्यात नसतं, एजंटकडून लेखी घ्या.

पैसे मोजके आहेत, कशापासून सुरुवात करू?

ट्रकचे टायर आणि ब्रेक, मग रेडिएटर आणि तेलं, मग हिच, वायरिंग आणि कंट्रोलर, आणि उरलेच तर बाकी हौस. सोलर पॅनल, छत्र्या, एलईडी माळा पुढच्या वर्षी.

पहिल्या ट्रिपआधी प्रॅक्टिस कशी करू?

ट्रेलर घेण्याआधीच यू-हॉलचा ५ बाय ८ चा बंद ट्रेलर एका दिवसासाठी भाड्याने घ्या, रिकामा ९०० पाउंडांचा असतो, रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या लॉटमध्ये रिव्हर्स शिका. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा, ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं त्याच बाजूला हात न्यायचा, हळू, आणि वाकडं झालं की पुढे येऊन सरळ करायचं, त्यात लाज काही नाही. पहिला मुक्काम घरापासून तासाभराच्या अंतरावर ठेवा, घाट नसलेल्या रस्त्याचा, आणि बुकिंग करताना त्या जागेवर किती फुटी ट्रेलर चालतो ते वाचा. ट्रेलरची चाकं नव्याने काढून बसवली असतील तर १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून टॉर्क रेंचने नट परत तपासा. प्रत्येक थांब्यावर हब आणि टायरजवळ हात नेऊन बघा, एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागत असेल तर बेअरिंग नाहीतर ब्रेक धरतोय, तसंच पुढे जाऊ नका.